हुशार टुऱ्यासाठी शाळा पाहिजे

आमच्या तुमसरात बेताच्या बुद्धीचं मूल जन्माला येणं बहुधा बंद झालं असावं. निदान माझ्या ओळखीच्या एकाही घरात तसं मूल नाही. पुण्यात 1962 साली आप्पा पेंडशांनी ज्ञान प्रबोधिनी काढली, तेव्हा बुद्धिमान पोरं हुडकायला त्यांना चाचण्यांचा खटाटोप करावा लागला. आमच्याकडे टुऱ्याने, म्हणजे पोराने, मोबाइलचं लॉक उघडलं की आजी जागेवरच प्रमाणपत्र देते, "लय हुशार आहे जी, बापावर नाही गेला."

एकदा हुशार ठरल्यावर साधी शाळा कशी चालेल? त्याला कॉन्व्हेंटच पाहिजे. आमच्या भागात इंग्रजी बोर्ड लागलेल्या कोणत्याही इमारतीला कॉन्व्हेंट म्हणतात. तिथे नन नसते, चर्च नसतं. फाटकावर गणपती, आत सरस्वती, ऑफिसात हार घातलेले संस्थापक, आणि तरी कॉन्व्हेंट. एप्रिलच्या उन्हात चौकाचौकात त्यांचे फ्लेक्स लागतात. डिजिटल क्लासरूम, अबॅकस, रोबोटिक्स, कराटे, एसी बस. सीसीटीव्ही तर 'शैक्षणिक सुविधा' या मथळ्याखाली येतो. पोरांना शिकवतं कोण, तेवढं मात्र फ्लेक्सवर मावत नाही.

खरं म्हणजे हे गाव पारखी आहे. धानाचा बाजार आणि राइस मिल यांवर आमचं पोट चालतं. इथला माणूस मूठभर धान तळहातावर चोळतो, एक दाणा दाताखाली फोडतो आणि ओलावा किती, कणी किती पडेल ते सांगून मोकळा होतो. सरकारच्या आधारभूत खरेदी केंद्रावर ओलावा 17 टक्क्यांच्या वर भरला की माल परत. पण हाच पारखी शाळा पाहायला गेला की पोतं उघडतच नाही. शिलाई पाहून घरी येतो.

आमचे शेजारी असेच. टुऱ्याचं केजी-टू संपलं, तेव्हा पहिलीसाठी त्यांनी 'मोठी' शाळा पाहायला घेतली. पाहून आले आणि म्हणाले, "भाऊ, शनिवारचा ड्रेस वेगळा आहे. बूट पांढरे." मी विचारलं, "वर्गात काय चालू होतं?" ते म्हणाले, "वर्ग नाही दाखवला जी. स्विमिंग पूल दाखवला." पुलात पाणी नव्हतं, पण मे महिन्यात ते आमच्या नळालाही नसतं, म्हणून त्याचा दोष त्यांनी शाळेला दिला नाही.

मग मुलाखत. मुलाखत म्हणायचं नाही बरं का. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या कलम 13 प्रमाणे प्रवेशासाठी मुलाला किंवा आईबापाला चाळणी लावता येत नाही. लावली तर पहिल्या खेपेला 25,000 रुपयांपर्यंत दंड, पुढे दर खेपेला 50,000 पर्यंत. म्हणून शाळा फक्त 'इंटरॅक्शन' करते. त्यासाठी वहिनींनी चार वाक्यं पाठ केली. भाऊंनी लग्नातला कोट काढला आणि मॅडमच्या प्रत्येक प्रश्नाला "यस मॅडम" म्हणाले. प्रश्न "आपली अपेक्षा काय?" असा होता, तेव्हाही.

टुऱ्यापुढे चित्रांचा तक्ता आला. डॉक्टर, पोलीस, पोस्टमन त्याने धडाधड ओळखले. शेवटच्या चित्रात गमबूट, डोक्यावर हॅट आणि हातात कुदळ घेतलेला गोरापान इसम होता. "अँड हू इज धिस?" टुरा गप्प. मॅडमनी मदत केली, "फार्मर, बेटा." टुरा म्हणाला, "हा नाही शेतकरी. एवढे बूट घालून बांधीत उतरला तर चिखलात फसते ना." त्या खोलीत दिवसभरात कोणी स्वतःच्या डोक्याने बोललेलं हे एकच वाक्य असेल. मॅडमनी कागदावर लिहिलं, 'नीड्स इम्प्रूव्हमेंट'.

फीचा पहिला हप्ता जूनमध्ये. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. नेमकं तेव्हाच धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकायचे असतात, खत आणायचं असतं, ट्रॅक्टरवाला दारात उभा असतो. सरकारला विकलेल्या धानाचे चुकारे अडकले तर शेतकरी निवेदन देतो. शाळेची फी अडकली तर शाळा निवेदन देत बसत नाही, टुऱ्याला वर्गात उभं करते.

त्याच शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत गरिबांसाठी 25 टक्के जागा आहेत, सोडतीने. 9 फेब्रुवारी 2024 ला सरकारने फर्मान काढलं होतं की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला या जागांतून सूट. एरवी झेडपीची शाळा कोणाच्या खिजगणतीत नसते. कॉन्व्हेंटचं ओझं हलकं करायला मात्र ती बरोबर आठवली. हायकोर्टाने मे महिन्यात स्थगिती दिली आणि जुलैत हा बदल रद्दच केला.

झेडपीची आठवण आणखी एकदा येते, टुरा तिसरीत गेला की. तेव्हा कोणीतरी नवोदय विद्यालयाचं नाव काढतं. देशातल्या पहिल्या दोन नवोदयांपैकी एक अमरावतीचं, त्यामुळे विदर्भाला हे नाव जुनंच. परीक्षा पाचवीत, दोन तासांत 80 प्रश्न, आणि आयुष्यात संधी एकदाच. पण 75 टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, आणि ग्रामीण म्हणजे तिसरी, चौथी, पाचवी खेड्यातल्या शाळेत शिकलेला. झालं! ज्या शाळेच्या बाजूने टुऱ्याला जाऊ दिलं नाही, त्याच शाळेच्या पटावर त्याचं नाव कसं चढेल, याची खलबतं सुरू. काही टुरे म्हणे कागदावर गावात शिकतात आणि टाय लावून शहरात बसतात. एवढ्या लहान वयात दोन शाळा सांभाळणारं पोरगं हुशार नाही, असं कोण म्हणेल?

आमच्या शेजाऱ्यांचं ते पुढचं. यंदा ते फॉर्म आणि पहिला हप्ता घेऊन पुन्हा शाळेत गेले. वहिनींनी आयत्या वेळी एक प्रश्न काढला, "पहिलीला ज्या मॅडम आहेत, त्या दिवाळीनंतरही राहतील ना?" मॅडमनी सांगितलं, ऑफिसला विचारा. ऑफिस म्हणालं, संस्थेला विचारा. संस्थाचालकांनी चहा मागवला, फॉर्म उलटापालटा करून पाहिला आणि परत वहिनींच्याच हातात दिला.

"तुमच्यासाठी झेडपीच बरी, ताई," ते म्हणाले. "तिथला मास्तर बदली आल्याशिवाय हलत नाही. आमची तर आताच चालली, तिला भंडाऱ्यात हजार रुपये जास्त भेटून राहिले."