नाकेबंदीतले गृहस्थ

ज्यांच्या संगणकावर जाहिरात नावाची वस्तू कित्येक वर्षांत फिरकलेली नाही, आणि ही वार्ता ज्यांच्या मुखातून ऐकली नाही असा एकही सभासद इमारतीत उरलेला नाही, असे एक गृहस्थ प्रत्येक गृहनिर्माण संस्थेत असतातच. बहुधा ते सरकारी कचेरीत लेखापरीक्षण करून निवृत्त झालेले असतात. आणि दुसऱ्याच्या खर्चाच्या पावत्यांवर आक्षेप नोंदवण्याची जी सवय आयुष्यभर हाताला जडलेली असते, तिला पेन्शनीत दुसरे कार्यक्षेत्र न सापडल्यामुळे ती अखेर ब्राउझरवर येऊन स्थिरावते.

“हल्ली जाहिराती फार येतात हो,” असे त्यांच्यासमोर बेसावधपणे म्हणणाऱ्याची सुटका चहा येऊन निवल्यावरही होत नाही. कारण जाहिराती अडवण्यासाठी ब्राउझरला कोणते पुरवणी-साधन, म्हणजे एक्स्टेन्शन, बसवावे, हा त्यांच्या लेखी सोयीचा प्रश्न नसून चारित्र्याचा प्रश्न असतो. ‘अ‍ॅडब्लॉक प्लस’चे नाव काढताच ते खेदाने मान हलवतात. 2011 साली त्याने ‘स्वीकारार्ह’ जाहिरातींना आत येण्याची मुभा दिली आणि पुढे बड्या कंपन्यांकडून त्या मुभेचा मोबदलाही घेतला. तेव्हापासून ते घराणे यांच्या मनातून उतरले ते उतरलेच. याउलट ‘यूब्लॉक ओरिजिन’ म्हणताना त्यांचा आवाज भरून येतो. कॅनडातल्या रेमंड हिल यांनी 2014 साली ‘यूब्लॉक’ निर्माण केले, 2015 साली त्याचा कारभार दुसऱ्याच्या हवाली केला, आणि लगेच स्वतःची शाखा ‘ओरिजिन’ या नावाने वेगळी चालवली. ‘ओरिजिन’ तेवढे अस्सल आणि नुसते ‘यूब्लॉक’ म्हणजे भलतेच, हा मुद्दा ते ज्या आवेशाने मांडतात, त्या आवेशाने सातारा आणि कोल्हापूर या गाद्यांची बाजूही आता कोणी मांडत नसेल. “आणि हा मनुष्य देणगीसुद्धा घेत नाही!” हे वाक्य ते नेहमी उभे राहून म्हणतात.

त्यांचा संशय मात्र पक्षपाती नाही, हे कबूल केले पाहिजे. कोणतेही एक्स्टेन्शन बसवण्यापूर्वी ते त्याने मागितलेल्या परवानग्यांचा मजकूर चष्मा पुसून वाचतात, आणि ‘सर्व संकेतस्थळांवरील आपली सर्व माहिती वाचणे व बदलणे’ या कलमापाशी येऊन थबकतात. चोरांचा बंदोबस्त करण्यासाठी एका अनोळखी पहारेकऱ्याला साऱ्या वाड्याच्या किल्ल्या द्यायच्या, हा पेच त्यांना मनापासून छळतो. 2020 साली ‘नॅनो अ‍ॅडब्लॉकर’ मूळ कर्त्याने विकले आणि नव्या मालकांनी त्यात लोकांची माहिती गोळा करणारा कोड घुसवला, ही हकीकत त्यांना मुखोद्गत आहे, आणि मला वाटते, या एका बाबतीत त्यांचे ऐकणाऱ्याचे कधीच नुकसान होणार नाही. पुढे क्रोमने ‘मॅनिफेस्ट व्ही थ्री’ची नवी नियमावली अमलात आणून, प्रत्येक विनंती स्वतः तपासून अडवण्याचा एक्स्टेन्शनचा अधिकार काढून घेतला आणि नियमांची यादी आगाऊ ब्राउझरकडे दाखल करण्याचा दंडक घातला, तेव्हा या गृहस्थांनी निषेधादाखल सहकुटुंब फायरफॉक्समध्ये स्थलांतर केले. कुटुंबाला हे पुष्कळ दिवसांनी कळले.

परंतु त्यांची खरी भक्ती ‘नोस्क्रिप्ट’वर. जॉर्जो माओने या इटालियन गृहस्थांनी 2005 साली काढलेले हे एक्स्टेन्शन, परवाना दिल्याखेरीज कोणत्याही संकेतस्थळाची स्क्रिप्ट चालू देत नाही. परिणामी यांच्या पडद्यावर वर्तमानपत्र उघडते ते कोरे. मग हे एकेका डोमेनची चौकशी करून, कुणाला कायमचा, कुणाला तात्पुरता परवाना देत, कुणाला सरसकट हद्दपार करत, अर्ध्या तासाने पान सिद्ध करतात, त्याकडे तृप्त नजरेने पाहतात आणि बंद करतात. बातमी वाचल्याचे मी कधी पाहिले नाही. त्याच वर्तमानपत्राची वर्गणी भरण्याचा विषय काढला, तर त्यांना एकाएकी ऐकू येईनासे होते.

एवढ्या तटबंदीचा एक विलक्षण परिणाम त्यांना स्वतःलाच ठाऊक आहे. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने 2010 साली सुरू केलेल्या एका चाचणीवर (तिचे आताचे नाव ‘कव्हर युअर ट्रॅक्स’) त्यांनी आपला ब्राउझर तपासून घेतला. चारचौघांत मिसळून जाणारा ब्राउझर ओळखू येत नाही. पण ज्याने अंगावर इतकी चिलखते चढवली तो लाखांत उठून दिसतो. निकाल आला, की आपल्यासारखा ब्राउझर दुसऱ्या कोणाचाच नाही. गुप्ततेच्या दृष्टीने ही नामुष्की होती, तरी ती सांगताना त्यांच्या मिशीखालून जे स्मित डोकावले, ते नामुष्कीचे खास नव्हते. “जाहिराती गेल्या खऱ्या,” वहिनी एकदा म्हणाल्या, “पण यूब्लॉकचा जाहिरातदार घरातच बसलाय ना!”

गेल्या गणपतीपूर्वी त्यांनी कोकणच्या रेल्वेची तिकिटे काढायला घेतली तेव्हा मी समोर होतो. नावे, वये, पसंतीचे बर्थ भरून झाले आणि पैसे भरण्याचे पान मुळी उघडेचना. त्यांनी एका डोमेनला तात्पुरता परवाना दिला. त्यासरशी पान नव्याने उघडून भरलेला सगळा तपशील पुसला गेला. पुन्हा नावे, पुन्हा वये, पुन्हा दुसरा परवाना. बँकेच्या पानापर्यंत पोहोचेतो मुदत संपल्याचा निरोप आला. इतक्यात आतून वहिनींनी, आपण मोबाइलवरून तिकिटे काढली आणि ती पक्कीही झाली, असे कळवले.

“त्या मोबाइलवर काहीसुद्धा बसवलेलं नाही,” गृहस्थ माझ्याकडे झुकून म्हणाले, “कुठं कुठं माहिती पोहोचली असेल, कल्पना आहे तुम्हाला?” आणि मान वळवून त्यांनी स्वयंपाकघराकडे हाक दिली, “खालचा बर्थ मिळाला ना गं?”