ती पिंपळ, ती चिंच

शहापूर-मुरबाडकडचं अकरावी-बारावीला सायन्स घेतलेलं प्रत्येक पोर लॅटिन लिहितं. त्याला ते ठाऊक नसतं, हा भाग वेगळा. आंब्याचं ‘मँजिफेरा इंडिका’ लिहायचं. पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल, दुसऱ्याचं स्मॉल, आणि दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ. या रेघांच्या धाकापायी रेघांवर काय लिहिलंय तिकडे कुणी बघतच नाही.

खरं तर लॅटिन व्याकरणाला आमच्याइतका तयार विद्यार्थी मिळायचा नाही. टेबलाला लिंग असतं म्हटल्यावर इंग्रजाचं पोर गडबडतं. आपण तो, ती, ते बोलता यायला लागल्यापासून बाळगून आहोत. काळा बैल, काळी गाय, काळं वासरू. तिकडे इंडिकस, इंडिका, इंडिकम. आणि ‘लाल’, ‘उंच’ अशी जी आपली ढिम्म विशेषणं, त्यांचेही भाऊबंद तिथे आहेत. सागाच्या ‘टेक्टोना ग्रँडिस’मधलं ग्रँडिस बाप्याला आणि बाईला एकच, नपुंसकलिंग आलं तर मात्र ते ‘ग्रँडे’ होतं, म्हणजे पुरतं ढिम्म नव्हे. विभक्त्यांना भ्यायचंही कारण नाही. आपल्या आठ, त्यांच्या सहा. तृतीया, पंचमी आणि बरीचशी सप्तमी एकाच रूपात कोंबलेली, एसटीत दोघांच्या बाकावर तिघं बसावेत तशी.

खरी गंमत झाडांपाशी आहे. पिंपळ म्हणजे ‘फायकस रिलिजिओसा’. फायकसच्या शेवटी ‘अस’, दिसायला पुरता बाप्या. विशेषण मात्र बाईचं! चिंचेचंही तेच, ‘टॅमॅरिंडस इंडिका’. मराठीच्या पेपरात कुणी ‘काळा गाय’ लिहिलं तर मास्तर लाल शाई ओततील. पण रोमन लोकांचा साधारण दंडक असा, की झाड म्हटलं की ती बाई, नावाचं शेपूट कसंही असो. म्हणजे वटपौर्णिमेला मुरबाडच्या बायका नवऱ्यासाठी ज्याला सूत गुंडाळतात तो वडही रोमन हिशेबाने बाईच. नवऱ्यांनी याचा फार विचार करू नये.

हे ऐकून हसू येतं. पण मे महिन्यात माळशेजच्या रस्त्याने जावं. ठाकूर, कातकरी बायका टोपल्या घेऊन बसलेल्या असतात. तोंडात टाकायचं ते करवंद. जिच्या काट्यांनी हात ओरबाडून घेत ते तोडलं ती करवंदी. जांभूळ ते, जांभळी ती. बोर ते, बोरी ती. रोमन माणूस नाशपातीच्या झाडाला ‘पिरुस’ म्हणून ‘ती’ मानायचा आणि फळाला ‘पिरुम’ म्हणून ‘ते’. सफरचंदाचंही तसंच, ‘मालुस’ आणि ‘मालुम’. आई ती, लेकरू ते. संस्कृतातही बदरी झाड आणि बदर फळ. डोळखांबच्या रानातल्या बाईला हा धडा कुणी दिलेला नाही, आणि ती तो चुकतही नाही. आंब्याने अर्थात कुणाचं ऐकलेलं नाही; झाडही तो, फळही तो.

जांभळाचं शास्त्रीय नाव ‘सिझिजियम क्युमिनी’. यातलं क्युमिनी ही चक्क षष्ठी आहे, अर्थ ‘जिऱ्याचं’. स्वीडनच्या लिनिअसने १७५३ मध्ये हा शब्द जांभळाला चिकटवला. जांभूळ खाऊन जिऱ्याची आठवण झालेला माणूस मला तरी भेटलेला नाही.

आपल्या बाजूची गावंही या भाषेत शिरली आहेत. सफेद मुसळीच्या एका जातीचं फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी १९५५ मध्ये बारसं केलं, ‘क्लोरोफायटम बोरिविलिएनम’. क्लोरोफायटम नपुंसकलिंगी, म्हणून आपल्या बोरिवलीलाही ‘अम’ लावून घ्यावं लागलं. पावसाळ्याच्या तोंडाला बाजारात येणारी कुळूची भाजी याच घराण्यातली.

१९३५ पासून नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्ये दिल्याशिवाय जग तिला ओळखच देत नसे. १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजीतलं वर्णनही चालतं. नाव मात्र अजून लॅटिनच्या वळणाचंच हवं. तेव्हा सिद्धगडाच्या पायथ्याशी कुणाला नवं झाड सापडलंच, तर ‘मुरबाडेन्सिस’ लिहून मोकळं व्हावं. कुळूच्या घराण्यातलं काही निघालं तर ‘मुरबाडेन्से’. शहापूरकरांची तक्रार यायच्या आत सांगतो, ‘शहापुरेन्सिस’ही व्याकरणात चोख बसतं.