फ्यूजवाले नाना

भोसरीच्या एमआयडीसीत जुन्या सीएनसी मशिनांची कार्डं दुरुस्त करणारे गाळे आहेत. तिथे एक नाना असतातच. आडनाव बदलतं, माणूस तोच. खिशात टेस्टर, कपाळावर एक चष्मा, नाकावर दुसरा, आणि समोर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. माउस आहे; पंख्याच्या वाऱ्याने बिलं उडू नयेत म्हणून तो त्यांच्यावर ठेवलेला असतो.

नाना गॅल चिपवर प्रोग्राम मारून देतात. वीस पायांची ही चिप नव्वदच्या दशकातल्या कार्डांवर जागोजागी दिसते. कुठला सिग्नल कधी पुढे सोडायचा एवढंच ती ठरवते, पण तिने ठरवलं नाही तर लाखोंचं मशीन ढिम्म. आतली माहिती वीस वर्षं टिकेल, असं डेटाशीटमध्ये छापलेलं होतं. ती वर्षं केव्हाच उलटली. त्यामुळे कार्डं एकेक करून विसरभोळी होतात आणि नानांचा धंदा चालून पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या सुट्या भागांच्या दुकानांत त्यांना उधारी मिळते.

नवा इंजिनिअर पहिल्याच दिवशी विचारतो, "नाना, याला क्लिक करायचं सॉफ्टवेअर नाही का?"

"आहे की. पण काल कुठे कुठे क्लिक केलंस ते सांग बघू."

पोरगा गप्प. नाना वरचा बाण दाबतात आणि कालची अख्खी कमांड पडद्यावर हजर करतात. त्या बाणाचा त्यांना नातवापेक्षा जास्त अभिमान.

मग पाठ सुरू होतो. साध्या मजकुराची फाइल. पहिल्या ओळीत चिपचं नाव, दुसरीत आठ अक्षरांची सही, मग एक ते वीस पायांची नावं. दहावा ग्राउंड, विसावा सप्लाय. खाली समीकरणं: फुली-चांदणी म्हणजे 'आणि', अधिक म्हणजे 'किंवा', तिरपी रेघ म्हणजे 'नाही'. गॅलअ‍ॅझम नावाच्या प्रोग्रामला ही फाइल दिली की जेड फाइल बाहेर पडते. तिच्यात २१९४ फ्यूज, प्रत्येकासाठी एक आकडा. शून्य म्हणजे जोडलेला, एक म्हणजे उडवलेला. खरं तर गॅलमध्ये फ्यूज नसतोच. विजेने पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या पेशी असतात. पण नाना गॅलच्या आधीच्या, एकदाच लिहिता येणाऱ्या पॅल चिपच्या जमान्यातले. तेव्हा उडाला तो उडाला, चिप कचऱ्यात. म्हणून एंटर दाबण्याआधी ते आजही क्षणभर डोळे मिटतात.

शेवटी चिप लिहिणाऱ्या मिनिप्रो प्रोग्रामची कमांड, "मिनिप्रो, डॅश पी, चिपचं नाव, डॅश डब्ल्यू, फाइलचं नाव" असं मोठ्याने म्हणत टाइप करायचं. सत्यनारायणाला भटजीसुद्धा इतकं स्पष्ट म्हणत नाहीत. चिप लिहून, पुन्हा वाचून, ताडून झाली की नाना चहा मागवतात, त्याआधी नाही.

घाईत एखादा पोरगा जेड फाइल नोटपॅडमध्ये उघडून एका शून्याचा एक करतो. फाइलच्या तळाशी सगळ्या फ्यूजांची बेरीज चार आकडी चेकसममध्ये लिहिलेली असते, ती आता जुळत नाही. नाना ओरडत नाहीत. "बेरीज चुकली," एवढंच म्हणतात, आणि मूळ समीकरणापासून सगळं पुन्हा करायला लावतात. त्यापेक्षा ओरडलेलं परवडलं.

ती आठ अक्षरांची सही मात्र नानांची खरी करामत. चिपला कुलूप लावलं की आतला नकाशा कुणालाच वाचता येत नाही. सही तेवढी उघडी राहते. तिथे कंपन्या आवृत्तीचा क्रमांक टाकतात. नाना इंग्रजी लिपीत 'बाकी१२००' टाकतात. अगदी आठ अक्षरं बसतात. पुढच्या वेळी कार्ड आलं की आधी सही वाचायची, मग गिऱ्हाइकाकडे बघायचं. कागदाचं बिल हरवतं, चिपमधलं हरवत नाही.

इथवर हसायला ठीक. पण कुलूप लावलेली चिप मेली आणि मूळ समीकरणं नसतील, तर दहा इनपुटांचे १०२४ प्रकार जिवंत कार्डावर तपासत बसावं लागतं. आत मागचं लक्षात ठेवणारं रजिस्टर असेल तर तेवढ्यानेही भागत नाही. नानांकडे समीकरणं असतात. फक्त ती कुठल्या फोल्डरमध्ये आहेत हे नानांनाच माहीत, आणि फोल्डरांची नावं 'नवीन', 'नवीन२', 'खरंनवीन' अशी. तेव्हा तुमची कार्डं अशा कुणा नानांकडे जात असतील, तर नुसती भरलेली चिप घेऊन येऊ नका. मूळ फाइल आणि कमांडची ओळ, दोन्ही पेनड्राइव्हवर मागून घ्या. आधी बाकी मात्र चुकती करा.