तक्त्यात राहिलेला रकाना

आइंडहोव्हन, नेदरलँड्स

ती. बाबा आणि ती. आई यांस,


बाबा, तुमचा टीव्हीचा तक्ता मिळाला. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाने करावा तसाच झालाय. डावीकडे एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी, ओएलईडी अशी नावं, पुढे इंच, किंमत, वॉरंटी आणि शेवटी शेरा. शेऱ्यात सगळीकडे ‘चांगला’ लिहिलंय, फक्त ओएलईडीपुढे ‘उत्तम’ आहे आणि त्याखाली दुहेरी रेघ आहे. ती रेघ सोसायटीच्या चेअरमननी घेतलेल्या पासष्ट इंचीमुळे पडली, हे न सांगताही कळतं. ओनिडा टीव्हीच्या जाहिरातीतला, शेजाऱ्याच्या हेव्याचा शिंगवाला सैतान पडद्यावरून जाऊन जमाना झाला, पण पुण्यातल्या सोसायट्यांमधून त्याची बदली झालेली दिसत नाही. तक्त्यात चूक एकही नाही, फक्त एक रकाना राहून गेलाय, आपल्या हॉलचा. पडदा चांगला की वाईट याचा निकाल तो ज्या खोलीत लागणार तिथला उजेड देतो आणि त्या घरात दिवसभर काय पाहिलं जातं ते देतं. या दोन्ही गोष्टी धरल्या तर दुहेरी रेघ वेगळ्या ओळीखाली जाते. रागावण्याआधी पुढचं वाचा.

आधी नावांची गर्दी कमी करू. दुकानात पाटी कसलीही असो, पडद्यांची घराणी दोनच. पहिल्यात मागे दिवे असतात आणि पुढे द्रवस्फटिकांच्या बारीक झडपा, त्या उघडमीट करून उजेड सोडतात किंवा अडवतात. एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी ही सगळी याच, म्हणजे एलसीडीच्या घराण्यातली भावंडं. मिनी एलईडीत मागचे दिवे बारीक आणि पुष्कळ असतात, शिवाय गटागटाने मंद करता येतात. क्यूएलईडीत त्या दिव्यांच्या वाटेत क्वांटम डॉटचा थर असतो, त्याने रंग शुद्ध होतात. या क्वांटम डॉटवरच्या कामाला २०२३ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा त्या ओळीपुढचा नुसता ‘चांगला’ जरा कंजूषपणाचा आहे. आणि आई, द्रवस्फटिकांचा शोध लागला तो गाजरातून. १८८८ साली प्रागमध्ये फ्रीडरिख राइनिट्झर नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलच्या संयुगावर काम करत होते. ते संयुग दोनदा वितळतं, हे त्यांच्या लक्षात आलं आणि तिथून हा संसार सुरू झाला. दुसरं घराणं ओएलईडीचं. त्यात मागे दिवा नाही, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळं दाखवायचं तर साफ विझतो. १९८७ साली कोडॅकच्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी त्याची वाट दाखवली. २००७ साली सोनीने पहिला ओएलईडी टीव्ही विकायला काढला, तो होता अवघा अकरा इंची.

आता मुद्द्यावर येते. ओएलईडीची सगळी कीर्ती त्याच्या काळ्या रंगावर उभी आहे. ठिपका विझला की उजेड शून्य, मग पांढऱ्याला काळ्याने भागलं की उत्तर अनंत, आणि ते अनंत माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत छापतात. साध्या एलसीडीच्या झडपांतून मात्र थोडा उजेड गळतोच. हजारास एक असं प्रमाण धरलं, तर ३०० निट (निट हे पडद्याच्या प्रखरतेचं माप) पांढरं दाखवताना काळ्यातून ०.३ निट बाहेर येतो. अनंत विरुद्ध हजार असा हा सामना एकतर्फी दिसतो खरा, पण दोन्ही आकडे अंधाऱ्या खोलीतले आहेत. आपल्या हॉलमध्ये ट्यूब आहे, पश्चिमेची गॅलरी आहे आणि काच कुठलीही असो, अंगावर पडलेल्या उजेडातला थोडा ती परत फेकते. ढोबळ हिशेब करू. हॉलमध्ये २०० लक्स उजेड आहे आणि पडदा त्यातला शेकडा दोन चौफेर परत फेकतो, असं धरा. म्हणजे पडदाभर सुमारे १.३ निटची साय पसरली. ओएलईडीचं काळं शून्यावरून १.३ वर आलं, एलसीडीचं ०.३ वरून १.६ वर. आता भागाकार करा. ओएलईडीला येतात साधारण २३० आणि एलसीडीला १९०. अनंत आणि हजार यांच्यातली दरी एका ट्यूबने आणि एका गॅलरीने एवढ्यावर आणली. दुपारी चारचं ऊन आत आलं की दोघांत निवडायला काही उरत नाही. तेव्हा जिंकतो तो जास्त प्रखर पडदा, आणि पडदाभर उजेड पाडायची वेळ आली, उदाहरणार्थ उन्हातलं क्रिकेटचं मैदान, की मिनी एलईडी बहुतेक ओएलईडींच्या पुढे जातो. ओएलईडी अशा वेळी वीज आणि उष्णता आवरण्यासाठी आपणहून मंद होतो.

यावर तुम्ही म्हणाल, रात्री दिवे मालवून सिनेमा पाहू. जरूर पाहा, आणि तसा तो रोज पाहणार असाल तर माझं सगळं पत्र मागे घ्यायला मी तयार आहे. अंधारात ओएलईडीला तोड नाही. काळ्या आभाळातला एकटा तारा तो जसा दाखवतो, तसा दिव्यांच्या गटावर चालणाऱ्या पडद्याला दाखवता येत नाही, कारण ताऱ्याभोवती धुरकट वलय उमटतंच. पण अंधारात टीव्ही पाहिला की डोळे जातात, हा आपल्या घरातला कायदा आहे आणि तो करणारी व्यक्ती पत्राच्या मायन्यात दुसऱ्या क्रमांकावर असली तरी घरात पहिल्या आहे. इथे युरोपात गोष्ट वेगळी. डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो, लोक कोपऱ्यात एखादा पिवळा दिवा लावून बसतात, आणि अशा घरात ओएलईडीचे पैसे वसूल होतात. जूनमध्ये त्याच घरात रात्री दहापर्यंत उजेड असतो, आणि डच माणसाला पडदे ओढून बसण्याची सवय नाही. म्हणजे अर्ध्या वर्षापुरता तोच टीव्ही फुकट महाग ठरतो. तुमच्या जावयांना हा हिशेब मान्य नाही. त्यांचं मत ओएलईडीला आहे, पण ते पुण्याच्या मतदारयादीत नाहीत.

उजेडाहून मोठी अडचण आहे ती बातम्यांची. बाबा, तुमच्या आवडत्या वृत्तवाहिनीचा पडदा एकदा बातमी सोडून नुसता पाहा. वरच्या कोपऱ्यात बोधचिन्ह, त्याखाली घड्याळ, तळाशी लाल पट्टा, त्यावर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत ‘ब्रेकिंग’, त्याखाली सरकती ओळ आणि तिच्याखाली दुसरी सरकती ओळ. निवेदक बदलतात, मुख्यमंत्रीही बदलतात, लाल पट्टा जागचा हलत नाही. ओएलईडीचा प्रत्येक ठिपका वापराप्रमाणे झिजतो आणि एकाच जागी तेच रंग तासन्‌तास राहिले, तर तिथले ठिपके शेजाऱ्यांच्या आधी म्हातारे होतात. मग सिनेमा लावला तरी तळाशी पट्ट्याचं भूत दिसतं. कॅनडातल्या आरटिंग्स या चाचणी करणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये सहा ओएलईडी संच दिवसाला वीस तास चालवायला सुरुवात केली. सीएनएन लावलेल्या संचांवर वाहिनीच्या चिन्हाचे आणि पट्ट्यांचे ठसे उमटले. ज्यावर चित्र सतत बदलणारा युद्धाचा खेळ चालू होता, त्याच्यावर तसं काही नजरेत भरलं नाही. दुकानदार सांगेल, की आता नवे पडदे सुधारलेत, चित्र गुपचूप थोडं सरकवतात, चिन्ह ओळखून मंद करतात. खरं आहे ते. रोज तास-दोन तास बातम्या पाहणाऱ्याने भ्यायचं कारण नाही. पण सकाळच्या चहापासून रात्रीच्या औषधांपर्यंत एकच वाहिनी चालणाऱ्या घराचा विचार करून त्या सुधारणा केल्या असतील, असं मला वाटत नाही.

ओएलईडीच्या बाजूची एक गोष्ट मात्र लपवत नाही, ती आईच्या जागेची. आई, तू टीव्ही समोरून पाहतच नाहीस. स्वयंपाकघराच्या दारात बसून गवार मोडत, चांगल्या तिरक्या कोनातून पाहतेस. एलसीडीचे दोन पोटप्रकार आहेत. व्हीए पडद्यात काळं गडद असतं, पण बाजूने पाहिलं की रंग फिके पडतात आणि नायिकेची पैठणी धुऊन धुऊन विटल्यासारखी दिसते. आयपीएस पडद्यात काळं थोडं करडं, पण बाजूने रंग बऱ्यापैकी टिकतात. ओएलईडी या बाबतीत दोघांच्याही वर आहे. तरीही आपल्याला आयपीएस पुरे, कारण त्याचं जे उणं आहे, करडं काळं, ते आपल्या हॉलच्या उजेडात आधीच बुडालंय. विक्रेत्याला पॅनेल कुठलं ते विचारा. सांगता आलं नाही, तर आईला दुकानात कोपऱ्यात उभं करा. तिच्याइतकी अनुभवी तिरकी नजर कुठल्या प्रयोगशाळेत नसेल.

इंच आणि ‘के’ यांचा प्रश्न लवकर सुटतो. धडधाकट डोळ्याला दहा फुटांवरून साधारण ०.९ मिलिमीटरहून बारीक ठिपके सुटे दिसत नाहीत. त्रेचाळीस इंची साध्या फुल एचडीचा ठिपकाच अर्ध्या मिलिमीटरचा असतो, फोर-केचा पाव. म्हणजे सोफ्यावरून दोघांत फरक दिसायचा नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तर डॉक्टरांनीही एवढं वचन दिलेलं नाही. अर्थात त्रेचाळीसच्या पुढे आता फोर-के नसलेला टीव्ही शोधावाच लागेल, तेव्हा येईल तो घ्यावा. एट-केचं नाव मात्र काढू नका. युरोपीय संघाने १ मार्च २०२३ पासून एट-के पडद्यांनाही विजेची मर्यादा लावली. कंपन्यांनी तोड काढली, की खोक्यातून निघालेला टीव्ही मंद मोडवरच सुरू व्हावा, पुढे रिमोट आहे आणि गिऱ्हाईक आहे. कायदा पाळण्याची ही रीत पाहिली, की परदेशात फार परकं वाटत नाही. २०२१ पासून इथल्या टीव्हीवर ‘ए’ ते ‘जी’ अशी विजेची श्रेणी असते आणि मोठमोठे पडदे ‘एफ’ किंवा ‘जी’ मिळवून, काठावर पास झालेल्या मुलांसारखे, मागच्या रांगेत ताठ उभे असतात.

‘पण दुकानात फरक डोळ्यांना दिसतो!’ हा तुमचा हुकमी आक्षेप. दिसणारच. दुकानातला टीव्ही दुकानाच्या मोडवर असतो, उजेड आणि रंग शेवटच्या टोकाला नेलेले. त्यावर पोपट, कापलेलं कलिंगड आणि मधाची धार असं काहीतरी चाललेलं असतं, जे सह्याद्री वाहिनीवर सलग दिसण्याचा संभव कमी. तिथे विक्रेत्याला साधा मोड लावायला सांगा आणि पेन ड्राइव्हवर मालिकेचा एक भाग घेऊन जा. घरी आणल्यावर ‘मोशन स्मूदिंग’ म्हणून जे असेल ते सिनेमापुरतं बंद करा. त्याने सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो, आणि याविरुद्ध २०१८ मध्ये खुद्द टॉम क्रूझने चित्रफीत काढून लोकांना विनवलं होतं. क्रिकेटला राहू दे.

राहता राहिली आपल्या घराची दोन वचनं. पहिलं, ‘एकदाच घ्यायचा तर उत्तम घ्यावा.’ हे शिसवी कपाटाला लागू होतं. टीव्हीत आता आतला संगणक आधी म्हातारा होतो, ॲप चालेनाशी होतात आणि पडदा धडधाकट असून निवृत्त होतो, त्यामुळे ‘एकदाच’ ही अटच खोटी. दुसरं, ‘तिकडूनच घेऊन ये.’ चपट्या टीव्हीची विमानातली शुल्कमाफी सरकारने २०१३ सालीच काढून घेतली, वॉरंटीचं काय होईल ते वेगळंच, आणि भारतात २२ सप्टेंबर २०२५ पासून बत्तीस इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. त्रेचाळीस किंवा पन्नास इंची, आयपीएस पॅनेलचा, बऱ्यापैकी प्रखर एलसीडी घ्या. त्याच्यात आणि ओएलईडीत जे पैसे वाचतील, त्यातले थोडे साउंडबारवर घाला, कारण सगळ्याच पातळ टीव्हींचे स्पीकर मागे किंवा खाली तोंड करून पुटपुटतात. आवाज ७० वर ठेवल्यामुळे शेजारच्यांनाही बातम्या फुकट मिळतात, ती समाजसेवा थांबेल.

बाबा, सोफ्याच्या पाठीपासून टीव्हीच्या भिंतीपर्यंतचं अंतर आणि दुपारी ऊन भिंतीवर कुठपर्यंत येतं ते मोजून कळवा. टेप आईच्या शिवणाच्या डब्यात आहे. ब्रॅकेटसाठी भिंतीला भोकं पाडायला माणूस येईल, त्याला आतली वायर कुठून गेली आहे ते आधी दाखवा.

तुमची,
धाकटी

ता. क. जावयांनी वाचून खाली ‘असहमत’ असं लिहून सही केली होती. जागा नसल्याने ती ओळ कापली आहे.