तारांबळ

घराच्या सुरक्षेला खरा धोका चोरापासून नसतो. तो असतो हातात ड्रिल मशीन घेऊन आलेल्या, आपणच फोन करकरून बोलावलेल्या माणसापासून. चोर बिचारा तारेच्या वाटेला सहसा जात नाही. पडदेवाला, एसीवाला, मॉड्युलर किचनवाला यांना मात्र भिंतीत जिथून तार गेली असेल तिथेच भोक पाडायचं असतं.

आमच्याकडे हा मान जाळीवाल्याला मिळाला. डासांची जाळी बसवायला खिडकीच्या चौकटीशेजारी त्याने ड्रिल टेकवलं आणि चोरांसाठी बसवलेल्या अलार्मच्या सायरनने टाहो फोडला. भोकातून लाल-पिवळ्या प्लास्टिकचा चुरा गळत असताना तो शिडीवरून म्हणाला, "काका, मी अजून काहीच केलं नाही." मेन स्विच पाडला तरी आवाज सुरूच. पॅनेलच्या पोटात बारा व्होल्टची बॅटरी असते आणि वीज गेल्यावरच ती आपलं इमान दाखवते. एवढ्या बोंबेला शेजारचं कोणी धावून आलं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र विचारणा झाली, की ड्रिलिंगची वेळ दोनपर्यंतचीच आहे ना?

यंत्राचं चुकलं असंही म्हणवत नाही. 1853 मध्ये अमेरिकेतल्या ऑगस्टस पोप यांनी विजेवर वाजणाऱ्या चोरघंटेचं पेटंट घेतलं. तिच्यात दार उघडलं की विजेचं मंडल जुळायचं आणि घंटा वाजायची. म्हणजे तार कापली की घंटा मुकीच. आजच्या पॅनेलला उलटी सवय लावलेली आहे. तारेतून अगदी थोडा प्रवाह सतत फिरता ठेवायचा आणि तो थांबला की ओरडायचं. खिडकीवरच्या चुंबकी सेन्सरपाशी, तारेच्या अगदी टोकाला, एक चिमुकला रेझिस्टर असतो. माजघरातून "कोण आहे रे?" विचारणाऱ्या आजीसारखा सगळा कारभार. ओळखीच्या आवाजात "मी" असं उत्तर आलं तर ठीक. आलं नाही तर संशय, आणि भलत्याच जोरात आलं तर जास्तच संशय. वाटेतच दोन तारा एकमेकींना जोडून पॅनेलला गंडवता येत नाही ते या रेझिस्टरमुळे.

सोसायटीच्या वायरमनने नेमका तोच प्रयोग करून पाहिला. सायरनने त्याला दाद दिली नाही. मग सिस्टिमवाला मुलगा आला, त्याने कोड दाबून शांतता केली आणि पहिला सल्ला दिला, "झोन बायपास करून टाकू का? खिडकी सोडून बाकी सगळं चालू." चोराला कोणती खिडकी सोडलीय हे कळणार नाही, एवढाच त्या योजनेचा भरवसा होता.

तुटलेल्या तारेची एक खोड आहे: ती जोडायला घेतली की हमखास बोटभर आखूड पडते. तुटण्याआधी ती पुरत होती, मधे फक्त ड्रिलच्या जाडीएवढी गेली, तरीही टोकाला टोक भिडत नाही. म्हणून नवा तुकडा घालायचा आणि एकाऐवजी दोन जोड द्यायचे. वायर चार कोअरची, म्हणजे आठ. त्यात जुन्या कारागिराने वर कुठेतरी रंग बदललेले. खाली हिरवी असलेली वर पॅनेलपाशी काळी होऊन निघाली. मुलगा मल्टिमीटर लावून एकेक तार वाजवत बसला. योग्य जोडी सापडली की मीटर 'पीं' करायचा, आणि दिवसभरातला तेवढा एकच आवाज आम्हाला गोड वाटला.

त्याने पिळून टेप मारायला घेतली तेव्हा मी डाखाचा आग्रह धरला. टेपचा डिंक उन्हाळ्यात पाघळतो, पावसाळ्यात पीळ दिलेल्या तांब्यावर गंज चढतो, जोड कमकुवत होतो आणि रात्री दोन वाजता पॅनेलला चोर दिसू लागतो. कुरकुरत का होईना, त्याने कथिल वितळवून प्रत्येक जोडाला डाख दिला, वर बारीक नळी सरकवली आणि ती लायटरने आवळून बसवली. काम खरोखर देखणं झालं. लगेच ते भिंतीत लिंपलं गेलं.

जाताना त्याने एक शहाणपणाची गोष्ट केली. कोणती तार कुठून गेली आहे, त्याचा भिंतीनिशी नकाशा काढून दिला. पुढच्या कारागिराला आधी हा दाखवा म्हणाला. हिने तो पाहिला आणि म्हणाली, "चोराच्या हाती पडला तर?" खरंच, घरात त्याच्या कामाचा याहून मोलाचा कागद दुसरा नव्हता. तो ताबडतोब बँकेच्या लॉकरमध्ये जाऊन पडला. एसीवाला गुरुवारी येतोय.