फाइलची प्रकृती ठणठणीत

आर. के. पुरमात राहणाऱ्या माणसाची देवावर श्रद्धा असेल-नसेल, फाइलवर असतेच. टेकडीवर मलई मंदिर, खाली ओळीने सरकारी क्वार्टर आणि क्वार्टरांत जन्मभर टिप्पण्या लिहिलेली माणसे. आमचे शेजारीही त्यांतलेच. मूळचे सांगलीचे, अवर सचिव म्हणून निवृत्त झालेले, सध्या मुक्काम मुलाच्या क्वार्टरात. गेल्या वर्षी त्यांच्या पित्ताशयात खडे निघाले. एका खासगी रुग्णालयात दुर्बिणीतून ऑपरेशन झाले आणि तिसऱ्या दिवशी साहेब घरी आले. घरी आल्यावर डोळे पिवळे दिसू लागले. रुग्णालयाला फोन केला तर उत्तर आले, "अंकलजी, नॉर्मल है." पिवळेपणा चेहऱ्यावर उतरला, तरी नॉर्मलच. शेवटी दुसऱ्या रुग्णालयाने सांगितले, की खड्यांच्या नादात पित्तनलिकेलाही कात्री लागली आहे. पुन्हा ऑपरेशन, पुढे महिनाभर पोटाला नळी. साहेब वाचले. भरपाईच्या दृष्टीने हे जरा गैरसोयीचेच झाले, असे त्यांचा वकील भाचा म्हणाला.

मग साहेबांनी पहिल्या रुग्णालयाकडे कागद मागितले. २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे रुग्णाने मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. साहेबांनी नियमाचा क्रमांक घालून, दोन प्रतींत अर्ज दिला. रेकॉर्ड विभागातल्या मुलाने तो आदराने वाचला आणि सांगितले, की एमएस साहेब राउंडवर आहेत. पुढल्या खेपेला सर्व्हर डाउन होता, त्यापुढल्या खेपेला मुलगाच रजेवर होता. ते ७२ तास बहुधा सरकारी कामकाजाचे असावेत, अशी साहेबांनी आपली समजूत घातली. अखेर फाइल आली. जाडजूड, शिक्केबंद, प्रत्येक पानावर सही. ताप नाही, कावीळ नाही, रुग्ण चालतो-फिरतो, घरी सोडताना प्रकृती समाधानकारक. तिसऱ्या पानावर तर साहेबांचे गर्भाशय सामान्य आकाराचे असल्याची नोंद होती. साहेबांनी ती वहिनींना दाखवली. "निदान एक तरी अवयव त्यांनी शाबूत ठेवलाय," वहिनी म्हणाल्या.

रुग्णाला काहीही होवो, फाइलला काही होत नाही, ही परंपरा आजची नव्हे. तिचा मूळ ग्रंथ तर मराठी माणसांच्याच नावावर आहे: जोशी विरुद्ध गोडबोले. देशभरातले वकील हा खटला तोंडपाठ सांगतात. मे १९५३मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर विशीतल्या एका मुलाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला टॅक्सीने दोनशे मैलांवर पुण्याला आणले. मॉर्फियाची दोन इंजेक्शने सांगितली होती, दिले गेले एक. भूल न देताच तीन माणसांकडून पाय ओढून घेऊन हाड बसवले आणि प्लास्टर घातले. आईवडिलांना सांगण्यात आले, की गुंगी आहे, संध्याकाळपर्यंत उतरेल. रात्री मुलगा गेला. प्रमाणपत्रावर कारण लागले 'फॅट एम्बॉलिझम'. डॉक्टरांचे म्हणणे, हाड आम्ही बसवलेच नाही, हलका ताण देऊन पाय स्थिर केला इतकेच. कोर्टाला ते पटले नाही. जिल्ह्यापासून दिल्लीपर्यंत पायऱ्या चढत मे १९६८मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. भरपाई ३,००० रुपये. मी भागाकार करून पाहिला. पंधरा वर्षांच्या वाट पाहण्याचे महिन्याला सतरा रुपयेसुद्धा पडत नाहीत.

पुढे देशाने प्रगती केली. १९६३मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतर एका बाळंतिणीच्या पोटात टॉवेल राहिला. पोट पुन्हा उघडून तो काढला, पण ती वाचली नाही. खालच्या कोर्टाने दिलेले ३६,००० रुपये उच्च न्यायालयात गेले आणि १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परत मिळवून दिले. टॉवेल आठवड्याच्या आत बाहेर आला होता. तो सरकारचाच होता हे ठरायला बत्तीस वर्षे लागली.

कोणी म्हणेल, हा एकतर्फी कांगावा आहे. तर तसे नाही. गुंतागुंत झाली म्हणजे हलगर्जी झाली असे नव्हे, हे न्यायालयांनी अनेकदा सांगितले आहे आणि ते योग्यच आहे. डॉक्टरच्या कानाखाली मारणाऱ्या नातेवाइकांना तर आत टाकावे. शिवाय डॉक्टरला मारून फाइलमधला एक शब्दही बदलत नाही. पण २००५च्या गाजलेल्या निकालातली गोष्ट घ्या. गुदमरणाऱ्या रुग्णाला आणलेला ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा निघाला. त्याबद्दल दिवाणी दावा लागू शकेल, डॉक्टरांवर फौजदारी नको, असे न्यायालय म्हणाले. फौजदारीसाठी घोर निष्काळजीपणा हवा आणि तो घोर आहे की नुसताच, याविषयी पोलिसांनी आधी दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे, शक्यतो सरकारी. म्हणजे आमच्या साहेबांच्या भाषेत, फाइल त्याच खात्याकडे अभिप्रायार्थ. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या न्याय संहितेने तर दरपत्रकच लावले आहे. कोणाच्या निष्काळजीपणामुळे कोणी मेले तर एरवी पाच वर्षांपर्यंत कैद, नोंदणीकृत डॉक्टरकडून उपचार करताना तसे झाले तर दोन वर्षांपर्यंत. ट्रकचालकांनी आता एमबीबीएसच्या प्रवेशाला बसावे.

साहेबांनी अजून तक्रार केलेली नाही. ते टिप्पणी लिहीत आहेत. सतरा पानांचा मसुदा झाला आहे, परिशिष्टे वेगळी, आणि गर्भाशयाचा मुद्दा कुठल्या परिच्छेदात घ्यावा यावर अडले आहे. मी त्यांना सांगितले, तेच तुम्हालाही सांगतो. मसुदा पुरे. रुग्णालयातून बाहेर पडण्याआधी कागद लेखी मागा, तारीख घाला, पोच घ्या आणि मिळालेले प्रत्येक पान वाचा. जिल्हा ग्राहक आयोगात वकिलाशिवाय उभे राहता येते. रुग्णालयाला मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीचे शुल्क शून्य. मुदत मात्र दोनच वर्षांची आहे, आणि साहेबांचे त्यातले एक टिप्पणीत गेले.