संगणकाला त्रास न देता प्रोग्रॅमिंग कसे शिकवावे

विट्यासारख्या गावात पदवीच्या पहिल्या वर्षाला ‘सी प्रोग्रॅमिंग’ हा विषय ज्यांच्या गळ्यात पडतो, त्या नव्या प्राध्यापकांनी सर्वात आधी नियमावली लिहून लॅबच्या दारावर चिकटवावी. तिचे सूत्र एकच असावे: जे मोजता येते त्यालाच गुण. हजेरी मोजता येते, म्हणून ७५ टक्क्यांची अट सर्वात वर. जर्नलची पाने मोजता येतात, इंडेक्सवरच्या सह्याही मोजता येतात. विद्यार्थ्याला प्रोग्रॅम सुचतो की नाही, हे पाहायला मात्र त्याच्या शेजारी बसावे लागते आणि तेवढ्यात बॅचची वेळ संपते. म्हणून ती अपेक्षा ‘तर्कशुद्ध विचारांची सवय लागेल’ अशा शब्दांत उद्दिष्टांच्या पानावर लिहून ठेवावी. त्या पानाकडे कोणी फिरकत नाही.

साधन म्हणून टर्बो सी निवडावे. बोरलँड कंपनीने ते १९८७ साली बाजारात आणले. आजच्या संगणकावर चालवायला डॉसबॉक्स नावाचा आडोसा उभारावा लागतो, पण निळा पडदा एकदा उघडला की वातावरण शैक्षणिक होते. कोणी विचारेल, ‘जीसीसी हा कंपायलरही १९८७चाच, तो फुकट आहे आणि आजही सुधारला जातो, मग तो का नको?’ प्रश्न बिनतोड वाटतो, पण विचारणाऱ्याला जर्नलची व्यवस्था ठाऊक नाही. जीसीसीमध्ये ‘कोनिओ’ची हेडर फाईल मिळत नाही, म्हणजे पडदा पुसण्याची ओळ खोडावी लागणार. ‘व्हॉइड मेन’वरही बोट ठेवले जाणार, कारण सीच्या प्रमाणकानुसार मेनने पूर्णांक परत द्यायचा असतो. थोरल्या बॅचकडून धाकट्या बॅचकडे आलेल्या जर्नलमध्ये अशी खाडाखोड करणे म्हणजे वाडवडिलांच्या वहीत हात घालणे.

प्रात्यक्षिकाची अपेक्षाही काटेकोर असावी. फॅक्टोरियलच्या प्रोग्रॅमला नेहमी ५ हाच आकडा द्यावा. उत्तर १२० येते, एक्स्टर्नल मान डोलावतात. ८ देऊ नये. टर्बो सीमध्ये साधा ‘इंट’ सोळा बिटांचा असल्याने तो ३२,७६७च्या पुढे जात नाही. त्यामुळे ४०,३२० ऐवजी पडद्यावर उणे २५,२१६ उमटतात. हा धोका विट्यात जास्त आहे. खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली घरे सोने-चांदी गाळायला देशभर पांगलेली आहेत, त्यामुळे वर्गातले एखादे पोर सोन्याच्या भावाचा प्रोग्रॅम लिहायला घेणारच. दहा ग्रॅमचा भाव लाख रुपये धरून त्याने तो ‘इंट’मध्ये ठेवला, तर यंत्र उणे ३१,०७२ सांगेल, म्हणजे गिऱ्हाइकाला सोने देऊन वर एकतीस हजार मोजायचे. यातून त्या पोराला स्मृती, बिटे आणि मर्यादा यांबद्दल जे कळेल, ते पंधरा पानी जर्नलमधून कळणार नाही. नेमके म्हणूनच हे टाळावे. चुकीचे उत्तर आले की प्रश्न येतात, आणि प्रश्नांसाठी वेळापत्रकात तास नसतो.

यावर हाताने लिहिण्याचे समर्थक म्हणतील की लिहिल्याने डोक्यात राहते. राहते, यात वाद नाही. स्वतः रचलेला प्रोग्रॅम कागदावर उतरवणे ही उत्तम कसरत आहे, आणि लॅबमध्ये वीज नसेल तेव्हा तर तोच मार्ग उरतो. पण जर्नलमध्ये उतरते ते शेजाऱ्याचे जर्नल. लिहिणारा अर्धविराम विसरला तरी वही तक्रार करत नाही. कंपायलर करतो, आणि त्याला विद्यार्थ्याचे वळणदार अक्षर दिसत नाही की प्राध्यापकांची लाल सही. गलाईवाला डागिना मखमली डबीवरून जोखत नाही, आधी मुशीत घालतो. आपल्याला गुण डबीला द्यायचे असतील, तर भट्टी पेटवूच नये हे ओघाने आले.

दुसरा आक्षेप ताजा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले, आता पोरे सगळे त्याच्याकडूनच लिहून घेतील, निदान हस्तलिखिताची सक्ती हवी, असे म्हणतात. सक्ती अवश्य करावी. पूर्वी थोरल्या बॅचची वही मिळवायला ओळख काढावी लागे. आता मोबाईल समोर ठेवला की भागते, बाकी लेखनक्रिया जशीच्या तशी. नकलेचा स्रोत बदलला तरी शाई, समास आणि सही तीच राहते, ही या पद्धतीची ताकद मानायला हवी. यंत्राने दिलेल्या प्रोग्रॅममधली एक ओळ पुसून ‘आता हा चालव’ असे तोंडी परीक्षेत सांगितले तर कोणाला येते ते दोन मिनिटांत कळेल, हे खरे. पण मग तिसऱ्याच विद्यार्थ्यापाशी परीक्षा अडकेल, निकाल खाली येईल आणि प्राचार्यांच्या केबिनमध्ये खुलासा द्यावा लागेल. त्यापेक्षा तोंडी परीक्षेत ‘सी भाषा कोणी तयार केली?’ असे विचारावे. डेनिस रिची, असे उत्तर आले की पूर्ण गुण द्यावेत आणि पुढचा रोल नंबर पुकारावा.